देवांनी भरलेला फोन

माझ्या फोनमध्ये जागा उरली नव्हती, कारण ती सगळी देवांनी घेतली होती.

पहाटे तुळशीला पाणी घालून मी घरात येते, तोवर फोनमध्ये गणपती येऊन बसलेला असतो. त्याच्यामागून सूर्यनारायण, मग वार असेल तसा महादेव, मारुती, दत्त. कुणी फुलांच्या तबकात बसवून पाठवतं, कुणी लुकलुकत्या दिव्यांत. खाली 'शुभ सकाळ'. आमच्या भजनी मंडळाच्या बायका प्रेमळ आहेत आणि जळगावात सगळ्यांकडे इंटरनेट आहे, मग दुसरं काय होणार?

आषाढात फोन कुरकुरू लागला. काहीही उघडलं की म्हणे, जागा अपुरी आहे. आमच्या ह्यांना, म्हणजे हितेंद्ररावांना, दुसऱ्याच्या फोनचे उपाय लगेच सुचतात. पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "ते फोटो उडव की सगळे."

मी एका फोटोवर बोट दाबून धरलं. खाली कचऱ्याच्या डब्याचं चित्र उमटलं. फोटोत दत्तगुरू, खाली कचऱ्याचा डबा, मधे माझं बोट. नाही हो जमलं. ज्यांच्यापुढे सकाळी हात जोडले त्यांना दुपारी डब्यात टाकायचं?

म्हणून मी दुसरं काही टाकण्यासारखं आहे का ते शोधलं. एका कोपऱ्यात काही फायली सापडल्या. नाव म्हणून नुसते आकडे, चेहरा नाही, हातपाय नाहीत. निराकारच त्या. त्यांना मी बिनदिक्कत डब्यात टाकलं. भराभर जागा झाली आणि दुसऱ्या दिवशीपासून देव पुन्हा सुखाने येऊ लागले.

श्रावण लागला. नागपंचमीच्या आधी भिकुबाईंचा फोन आला. भिकुबाई माझ्या चुलत सासूबाई. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. नरडाण्याजवळच्या आमच्या मूळ गावी राहतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिथे कानबाई बसते. खानदेशात वाढलेल्यांना कानबाई सांगायला नको. नारळाची देवी मांडायची, भाऊबंद जमवून गव्हाचे जाड रोट करायचे, तिच्यापुढे बायकांनी गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी तिला नदीवर बोळवायची. आमच्या भाऊबंदकीत गाणी म्हणजे अक्का. बाकीच्यांनी ओळीची शेपटी धरायची, बस. अक्कांनी कुणाला शिकवली नाहीत. "गानं काय शिकाडानं ऱ्हास? कानवर पडस तं येस," असं म्हणायच्या. आमच्या कानांवर पडलं, पण आलं नाही.

गेल्या वर्षी मात्र त्यांनी मला ती फोनमध्ये भरून घेऊ दिली. "चारू फार बोलत नही, तिनापान ऱ्हाऊ द्या," असं म्हणून.

"चारू, ऐकी राहिनी का?" फोनवर आवाज आला, तो मला ओळखूच येईना. फाटक्या सुपात धान्य पाखडावं तसा.

"अक्का? काय झालं आवाजाला?"

"घसानी गाठ काढी ना धुयाना दवाखानामा. गाठ साधी निंघनी, पन आवाज लई गयी. डॉक्टर म्हने आते गानं बंद. मंग म्हंतलं, यंदा तुना मशीनवर लावूत. शे ना ते तुनापान?"

"आहे अक्का. जपून ठेवलंय."

"बस मंग. आते मी सुखमा झोपसू."

फोन ठेवला आणि मनात काहीतरी टोचलं. फोन उघडून गाणी शोधली. वर पाहिलं, खाली पाहिलं. देव होते. हजारो देव होते. अक्का कुठेच नव्हत्या.

त्या निराकार फायली.

माझे नेम तसे साधे आहेत. पहाटे जप, पोथीचा एक अध्याय, संध्याकाळी दिव्यापुढे थोडं बसणं. चातुर्मासात बायका कांदा सोडतात, वांगं सोडतात. मी यंदा खोटं बोलणं सोडलं होतं. वाटलं होतं, सोपं जाईल, मी मुळात बोलतेच किती! आणि आता मी एका आजारी बाईला 'आहे' म्हणाले होते आणि ते नव्हतं. जाणूनबुजून नव्हे, हे खरं. पण आता तर कळलं होतं ना! अक्कांना फोन करून 'नाही' म्हणायचं, किंवा जे 'आहे' म्हटलं ते रविवारपर्यंत खरं करायचं.

मी पिशवी घेतली आणि गोलाणी मार्केटला गेले.

मार्केटच्या वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून सत्तारभाईंचं दुकान आहे. पूर्वी ते घड्याळं दुरुस्त करायचे. माझ्या लग्नातलं घड्याळ त्यांनी दोनदा जिवंत केलंय. आता अर्ध्या दुकानात घड्याळं असतात आणि अर्ध्यात त्यांची मुलगी माहेनूर मोबाईल दुरुस्त करते. मुलीला मी परकरात पाहिलेलं. आता चष्मा आला होता आणि बोलण्यात धारही. तिला मी अक्कांच्या पुसलेल्या गाण्यांचं सांगितलं.

"काकू, पुसलं ते किती दिवस झाले?"

"आषाढातली गोष्ट."

"या अल्ला. आणि तेव्हापासून फोन वापरताय? फोटो येतायत?"

"रोज येतात. देवांचे."

माहेनूरने आधी माझा फोन हिसकावून घेतला आणि इंटरनेट बंद केलं. मग म्हणाली, "बघा काकू. आपण पुसतो ना, तेव्हा ते लगेच जात नाही. फोन फक्त पाटी लावतो की इथली जागा रिकामी. आतला माणूस आतच असतो. पण नवीन कोणी आला की तो त्याच जागेवर बसतो. तुमच्या अक्कांच्या आवाजावर रोज सकाळी तुमचे देव येऊन बसतायत."

मी खुर्चीवर बसलेच. देवांनी अक्कांवर बसावं आणि ते मी रोज हात जोडून पाहावं!

"मग आता?"

"जे उरलंय ते काढून बघता येईल. पण ते फोनच्या तळाला आहे आणि तळाला कंपनी जाऊ देत नाही. फोन तुमचा, पण तळघराची चावी त्यांच्याकडे. कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम असतो, तो वायरमधून आत जाऊन ती चावी आपल्याला मिळवून देतो. त्याला रूट करणं म्हणतात."

"ही चोरी नाही ना गं?" मी हळूच विचारलं.

घड्याळात डोकं घातलेले सत्तारभाई डोळ्यावरचं भिंग न काढता हसले. "भाभी, आपल्याच घराचं कुलूप आपणच उघडलं तर चोरी कसली? फक्त दार मोडलं तर रडायचं नाही."

"दार मोडतं का?"

"मोडू शकतं," माहेनूर म्हणाली. "मी खोटं सांगणार नाही. मधेच अडकलं तर फोन बंदच पडेल. आमच्या धंद्यात म्हणतात, फोनची वीट झाली. आणि नीट झालं तरी बँकेचं अॅप पुन्हा चालेल याची खात्री नाही. बँक अशा फोनला घाबरते."

ही मुलगी चातुर्मास न करताही खरं बोलत होती. मला धीर आला. म्हटलं, "वीट झाली तर देव्हाऱ्यात ठेवीन, वर देव उभा करता येईल. तू कर."

तिने फोनला वायर लावली. कॉम्प्युटर म्हणाला, कोणताही फोन जोडलेला नाही. दुसरी वायर लावली. तेच. तिसरी लावली, वाकडी केली, तिरकी केली.

"चार्ज कसा करता हो तुम्ही हा?"

"वायर जराशी दाबून धरते. पोथी वाचून होईपर्यंत होतो थोडा."

तिने चार्जिंगच्या भोकात डोकावून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "काकू, याला गंज लागलाय. लालपिवळा. असला गंज मी पाहिला नाही कधी. अब्बा, जरा भिंग द्या."

सत्तारभाई स्वतःच उठून आले. भिंगातून पाहत राहिले. बारीक सुईने टोकरलं तशी कागदावर चिमूटभर लाल पूड पडली, मग पिवळी. मग सुईच्या टोकाला लागून एक पांढरा कण बाहेर आला. बापलेक त्या कणाकडे बघत राहिले.

"भाभी," सत्तारभाई म्हणाले, "ये तो चावल है."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. डोळे अधू झाल्यापासून मी पोथी फोनवरच वाचते. अक्षर मोठं करता येतं. आता पोथी म्हटली की तिला हळदकुंकू आलं, अक्षता आल्या, फूल आलं. पोथी जर फोनमध्ये असेल तर ते फोनलाच वाहायचं, नाही का? मी रोज वाहत होते. भोक कुठे आहे ते कधी बघितलंच नव्हतं.

सगळं सांगितल्यावर माहेनूर तोंडाला ओढणी लावून हसत राहिली. "इथे लोकांच्या फोनमधून झुरळं निघतात काकू, तुमच्यातून नैवेद्य निघाला!"

पण हसता हसता तिने ती पूड आणि तांदळाची कणी टाकली नाही. कागदाची पुडी बांधून माझ्या हातात दिली. "हे तुमचं. मी कुठे फेकू?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती खांदे उडवून म्हणाली, "आमच्या अम्मीचंही तेच. शुक्रवारी शंभर लोक जुम्मा मुबारक पाठवतात. काबा शरीफचा फोटो. एकही पुसू देत नाही. तिचा फोन कासवासारखा चालतो."

"मग तू काय करतेस?"

"दरवर्षी नवीन फोन घेऊन देते."

आता वायर लागली. मग तिने मला फोनच्या पोटातल्या एका पानावर नेलं. तिथे एक आकड्यांची ओळ होती. "यावर सात वेळा टिचकी मारा. तुमचा फोन आहे, तुम्हीच मारा."

सात म्हटल्यावर माझ्या ओठांवर आपोआप नाम आलं. सात टिचक्या झाल्या आणि फोन म्हणाला, तुम्ही आता डेव्हलपर झाला आहात. नातवंडं झाल्यावर माणसाला नवीन पदवी मिळत नाही म्हणतात. मला मिळाली.

पहिला प्रोग्राम चाललाच नाही. कॉम्प्युटरला तो चोर वाटला आणि त्याने त्याला दारातच अडवलं. माहेनूरने कॉम्प्युटरच्या राखणदाराला थोडा वेळ झोपवलं, तेव्हा प्रोग्राम आत शिरला, पण अर्ध्यातून परत फिरला. ती चिडली, पुटपुटली, दुसरा प्रोग्राम उतरवून घेतला. या दुसऱ्यात एकच मोठं हिरवं बटण होतं. तिने ते दाबायच्या आधी बोट वर धरलं आणि हळूच बिस्मिल्ला म्हटलं. मीही गजाननाला नमस्कार केला. काम दोघांच्या वाट्याचं असलं की बरं असतं.

हिरवी पट्टी सरकू लागली. सरकता सरकता थांबली. फोनचा पडदा काळा झाला. मग कंपनीचं नाव आलं. गेलं. पुन्हा आलं. पुन्हा गेलं.

"हे असंच व्हायचं असतं का?" मी विचारलं.

 माहेनूरने चष्मा काढून पुसला आणि परत घातला, तेव्हा मला कळलं की असंच व्हायचं नसतं.

मी डोळे मिटून बोटांच्या पेरांवर जप धरला. खरं सांगते, त्या वेळी देवाकडे फोन मागितला नाही. अक्कांच्या घरी रविवारी सगळ्या बायका बसलेल्या, मधे देवी, आणि गाण्याच्या जागी नुसती शांतता, एवढंच दिसत होतं. कुणी काही चुकलं म्हणणार नाही. अक्काही म्हणणार नाहीत. त्या फक्त भिंतीकडे तोंड करून बसतील.

"काकू, उघडा डोळे."

फोन जागा झाला होता. त्याच्या पडद्यावर एक नवीन चिन्ह आलं होतं, किल्लीसारखं. माहेनूरने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचं उरलंसुरलं कुंकू उडालं. "उघडलं तळघर!"

त्यानंतरचं काम संथ होतं. एक दुसराच प्रोग्राम फोनचा तळ कण न कण चाळत बसला. सत्तारभाईंनी चहा मागवला. पडद्यावर जे जे निघत होतं ते बघून माहेनूर थक्क झाली. मी कधीकाळी पुसलेलं, विसरलेलं सगळं वर येत होतं. गॅसच्या बिलाचा फोटो, माझ्या अंगठ्याचा फोटो, ह्यांचा झोपलेला फोटो. आणि मग चार फायली, आकड्यांच्या नावाच्या.

पहिली उघडली तर नुसतीच खरखर. दुसरीही तशीच. तिसरीत कुणाच्या तरी पाळण्यातल्या बाळाचं रडणं. चौथी उघडली, आणि दुकानात अक्का उभ्या राहिल्या. गेल्या वर्षीच्या. भरघोस, खणखणीत, वेशीवरून ऐकू जाईल अशा. शेजारच्या कव्हरवाल्याने मान वळवून पाहिलं.

"सुब्हानल्ला," सत्तारभाई भिंग काढून म्हणाले. "किसकी आवाज है ये?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढ्यात आवाज मधेच तुटला. खर्र. मग दोन ओळी. मग पुन्हा खर्र. मग काहीच नाही.

माहेनूरने पुढेमागे करून पाहिलं. "एवढंच राहिलंय काकू. बाकीच्यावर गणपती बसलाय."

तिने ते पेनड्राइव्हवर घालून दिलं, कारण फोनमध्ये ठेवायला जागाच नव्हती. म्हणाली, "देव पण पेनड्राइव्हवर हलवू का? फोन मोकळा होईल."

"नको बाई. मग पेनड्राइव्हला रोज हळदकुंकू लावावं लागेल."

घरी आल्यावर बँकेचं अॅप उघडेना. हा फोन सुरक्षित नाही म्हणे. हितेंद्ररावांनी ते तीनदा दाबून पाहिलं आणि मला विचारलं, "तू केलंस तरी काय याला?" मी म्हटलं, "रूट." ते पुन्हा पेपरात शिरले. न कळणाऱ्या गोष्टींशी त्यांचं हेच धोरण आहे.

रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही नरडाण्याला उतरलो. गावात घर सारवून, रांगोळ्या घालून तयार होतं. गव्हाचा खमंग वास सुटला होता. माझी जाऊ लताबाई पदर खोचून रोटांवर देखरेख करत होती. अक्का ओट्यावर बसल्या होत्या, गळ्याला मऊ फडकं गुंडाळून.

"आणं का?" त्यांनी खुणेनेच विचारलं.

"आणलंय अक्का," मी म्हटलं. खरंच होतं ते. किती आणलंय ते त्यांनी विचारलं नाही, आणि मला सांगायला तोंड फुटलं नाही. न बोलणं हे खोटं बोलण्यात येतं का, याचा मी दिवसभर विचार केला.

दिवेलागणीला कानबाईची आरती झाली. नारळावरचे डोळे, नथ, हिरवी चोळी. समईच्या उजेडात ती आत्ताच काहीतरी बोलेल असं वाटत होतं. बायका दाटीवाटीने बसल्या. लताबाईने गाण्याचा डबा आणून ठेवला, त्यात पेनड्राइव्ह खुपसला आणि बटण दाबलं.

*कानबाई माय निंघनी माहेरले,*
*वाटमा लागनं केयनं बन...*

घर भरून गेलं. बायकांच्या अंगावर काटा आला. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. त्यांनी मान वाकडी करून डब्याला कान लावला.

"हाई कोन डोकरी बोंबली राहिनी व?"

 लताबाई म्हणाली, "अक्का, हाई तुम्हीच शेतस."

"मी? मी अशी गास?"

"हो ना अक्का."

"मंग इतला वरीस माले कोनी सांगं कसं नही? म्हैस सोडेल सारखी!" अक्का चिडल्याच. त्यांनी आजवर स्वतःचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. "आनि दख, दख, आठे मी तालच सोडी दिन्हा..."

तेवढ्यात डबा म्हणाला, खर्र.

मग दोन ओळी. मग खर्र. मग काहीच नाही.

बायकांनी डब्याकडे पाहिलं, मग लताबाईकडे. लताबाईने डबा हलवून पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. देवीसमोर बसले होते आणि चातुर्मास होता. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. देवांचे फोटो, कचऱ्याचा डबा, निराकार फायली, कुंकू, तांदळाची कणी, हिरवं बटण. माझा आवाज मुळात लहान, तो आणखी लहान झाला, त्यामुळे मागच्या बायका पुढे सरकल्या.

सांगून झालं. अक्का माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"म्हंजे," त्या फाटक्या आवाजात म्हणाल्या, "देवसना फोटू टाकाले तुना हात धजना नही, आनि माले टाकी दिन्हं?"

"अक्का, मला माहीत नव्हतं तुम्ही आहात म्हणून..."

"मी देवसपेक्षा हलकी, असंच ना?" आणि अक्का हसायला लागल्या. घसा दुखत होता तरी हसत होत्या, हाताने गळा धरून. मग अख्खं घर हसलं. कानबाईच्या नथीतला मोतीसुद्धा हलल्यासारखा वाटला.

"चारू, माले एक सांग," हसू आवरल्यावर त्या म्हणाल्या. "हाई आपली माय शे ना? सकायमा तिले नदीवर लई जातस. रडतस, पन बोळावतस ना? कोनी म्हनस का, कचरामा टाकी म्हनीसन?"

"नाही म्हणत अक्का."

"मंग? देव उना, दर्शन दिन्हं, त्यानं काम व्हयनं. त्याले कसाले डांबी ठेवस? त्याले बी घर ऱ्हास ना!"

 इतकी वर्षं पोथी वाचते, सकाळचं निर्माल्य रोज उतरवते, गणपती बोळवते. आणि हे मला फोनमध्ये दिसलं नाही.

तिकडे बायकांनी केळीच्या बनापासून गाणं पुढे रेटायचा प्रयत्न चालवला होता. "केयनं बन, केयनं बन... पुढे काय व?" एकीने सुचवलं, "केयनं पान." दुसरी म्हणाली, "पान नही, घड." लताबाईने दोन्ही जोडून काहीतरी तिसरंच म्हटलं.

"अवं माय!" अक्कांनी मांडीवर थाप मारली. "इतला वरीस काय कानमा बोया घाली बसन्यात व्हत्यात? बन पहिला कडवामा शे. दुसरामा खांब! म्हना मना मांगेमांगे. गावानं नही, नुसतं म्हना. डॉक्टरले सांगू नका."

आणि त्या म्हणू लागल्या. गाणं नव्हतं ते, सुपाची फडफड होती. पण शब्द एकेक सुटा, स्वच्छ.

*वाटमा उभा केयना खांब,*
*माय, घडीभर सावलीमा थांब...*

बायकांनी ओळ उचलली. बेसूर, वरखाली, पण उचलली. अक्कांनी बोट वर करून थांबवलं, शिव्या घातल्या, पुन्हा म्हणायला लावलं. लताबाई माझ्या कानाशी लागली, "चारुताई, भर ना फोनमध्ये! पुढच्या वर्षी काय करणार?"

मी फोन काढला. लाल टिंब दाबलं.

फोन म्हणाला, जागा अपुरी आहे.

अक्का तिसऱ्या कडव्याकडे निघाल्या होत्या. मी फोटोंचं पान उघडलं. गणपती, दत्त, महादेव, सूर्यनारायण, ओळीने सगळे उभे. 'सर्व निवडा' दाबलं, तशी प्रत्येकाच्या खांद्यावर एक छोटी निळी खूण आली, प्रवासाला निघाल्यासारखी. मी तबकातल्या चार अक्षता घेतल्या, फोनच्या काचेवर वाहिल्या, भोकापासून लांब. हात जोडले. 'पुनरागमनाय च' म्हटलं, आणि डब्याच्या चित्रावर बोट ठेवलं.

ते थोडा वेळ जात राहिले. मग पान पांढरं झालं.

लाल टिंब दाबलं. या वेळी फोन काही बोलला नाही. आकडे पळू लागले आणि त्यात अक्कांची सुपाची फडफड, लताबाईचा चुकलेला ताल, "खांब, खांब, केयना खांब!" आणि त्यावरच्या शिव्या, सगळं भरत गेलं. ते थांबवावंसं मला वाटेना.

सोमवारी सकाळी आम्ही कानबाईला नदीवर घेऊन गेलो. वाटेत बायका तेच कडवं घोळवत होत्या आणि अक्का काठी टेकत मागून दुरुस्त करत होत्या. देवीला बोळवलं. परत फिरताना माहेनूरने बंद केलेलं फोनचं इंटरनेट मी पहिल्यांदा सुरू केलं, कारण आता आत जपायला जे होतं ते जागेवर बसलं होतं.

फोन लगेच थरथरला. गणपती आला होता. जास्वंदीच्या फुलात बसलेला, खाली 'शुभ सकाळ'.

मी नमस्कार केला. शेवटी पुन्हा यायला मीच तर सांगितलं होतं.